बंदुकीत दोष आढळला नाही

हे जे आता लिहितोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. अडतीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय, माझ्या छातीत कधी दुखतं आणि मला कुठली भाजी चालत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे – पण हे नाही. मित्रांना नाही, भावाला नाही. नमाजानंतर हात वर केले तरी मनात हे शब्द यायच्या आत मी दुसरंच काही मागून मोकळा होतो. इतकी वर्षं हे केलं. आता थकलो. लिहिण्याचं कारण एवढंच. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द वापरायची माझी लायकी आहे का, मला सांगता येत नाही.

महाडात माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांचं होतं, मग माझं झालं. परवान्याच्या बंदुका येतात – शेत राखणाऱ्यांच्या, पहारेकऱ्यांच्या, निवृत्त फौजींच्या. बहुतेक इकबारी नाहीतर दुबारी, म्हणजे एका नळीच्या नाहीतर दोन नळ्यांच्या. साधी, सरळ जनावरं ती. उघडली की आतलं सगळं दिसतं. पण अधूनमधून एखादी जुनी परदेशी बंदूक यायची, लोक जिला ऑटोमॅटिक म्हणतात ती. एक बार निघाला की रिकामं काडतूस ती स्वतःच बाहेर फेकते आणि पुढचं स्वतःच आत घेते. तिच्या पोटात बारीक बारीक भाग फार. आणि गंमत अशी, की कारखान्याने वर्षानुवर्षं वरचं रूप तेच ठेवलं, पण आतले भाग मधूनमधून बदलले. दोन बंदुका शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतील. एकीचा भाग मात्र दुसरीला चालणार नाही.

म्हणून भाग मागवायच्या आधी बंदूक कुठल्या सालची ते कळावं लागतं. साल तिच्यावर लिहिलेलं नसतं. नंबर असतो, एखादं अक्षर असतं, नळीवर बारीक ठसे असतात. वडिलांनी एक वही केली होती – अमुक नंबरापासून तमुक नंबरापर्यंत अमुक साल, इथून पुढे आतला भाग बदलला. ती वही मला जवळजवळ पाठ होती. “नंबर सांगा, साल सांगतो,” असं मी म्हणायचो. खेड, माणगाव, पार श्रीवर्धनपासून माणसं यायची. कुणी आजोबांची बंदूक आणायचा, मी नंबर बघायचो, डोळे मिटायचो आणि साल सांगायचो. समोरच्याचा चेहरा असा उजळायचा, जसं मी त्याच्या आजोबांनाच बघून आलो! हे मला आवडायचं. फार आवडायचं. तुम्हाला खरं सांगू? दुरुस्तीपेक्षाही जास्त आवडायचं.

अनंतराव सकपाळ आले ते एका दुपारी, भाताच्या कापण्या उरकल्यावर. सात वर्षं झाली त्याला. पोलादपूरच्या वर घाटात कुडपण आहे, तिथले. फौजेत सतरा वर्षं काढून गावी परतलेले. उंच, शिडशिडीत माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्यांचे चुलते जहाजावर होते. त्यांनी पूर्वी केव्हातरी परदेशातून ही ऑटोमॅटिक आणली होती. चुलते गेल्यावर परवाना अनंतरावांच्या नावावर झाला. कुडपणच्या पठारावर नाचणी, वरी. माकडं आणि डुकरं काही ठेवत नाहीत. हवेत बार काढायला बंदूक.

बंदूक दुकानात कशी आणावी हे त्यांच्याकडून शिकावं. दाराबाहेरच काडतुसं काढलेली, नळी खाली, बोट चापापासून लांब, सरळ. मी त्यांना बसा म्हटलं तरी आधी बंदूक माझ्या हातात देऊन मगच बसले.

“भाई, घोडा धरत नाय वो नीट,” ते म्हणाले. “दोनदा हातातल्या हातात सुटला. रिकामी होती म्हणून बरं.”

घोड्याला मागे अडवून धरणारा एक छोटा भाग असतो, आम्ही त्याला हुक म्हणतो. चाप ओढला की हुक सरकतो, घोडा सुटतो, बार होतो. त्यांच्या बंदुकीतला हुक झिजून गुळगुळीत झाला होता. नवा हवा होता. म्हणजे साल हवं होतं. म्हणजे नंबर.

आता इथे येऊन माझा हात थांबतोय. पण लिहितो.

त्या वर्षी माझे डोळे जायला लागले होते. जवळचं धूसर दिसायचं. चष्मा केला होता, तो गल्ल्याच्या खणात होता. मी तो गिऱ्हाइकांसमोर लावत नव्हतो. बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दिसत नाही, असं एकदा गावात झालं की संपलं – असं मला वाटायचं. त्या दुपारी दासगावचे दोघे जण बाकावर चहा पीत बसले होते. त्यातला एक म्हणाला, “भाईंना नंबर दाखवा, आता बगा गंमत.” आणि अनंतराव माझ्याकडे बघत होते. लहान मुलासारखे, उत्सुक.

मी बंदूक उजेडाकडे धरली. नंबर अर्धा पुसलेला. मधला एक आकडा – आठ की तीन? मला तो आठसारखा दिसला. की मला तो आठ वाटावा असं वाटलं? खणाकडे हात न्यायला एक क्षण लागला असता. मी डोळे मिटले आणि साल सांगितलं. दासगावचा माणूस मांडीवर थाप मारून हसला. अनंतराव म्हणाले, “म्हंजे चुलत्यांनी घेतली तवा नवीच होती की!” त्यांना केवढा आनंद झाला होता.

काही वर्षांपूर्वी पुराचं पाणी दुकानात शिरलं होतं. वडिलांची वही त्यात भिजून शाई पसरली होती, असं मला म्हणता येईल. कुणाला खरंही वाटेल. पण वही वरच्या कपाटात होती, कोरडी होती. मी ती उघडलीच नाही.

हुक मागवला. जुने भाग ठेवणारा एक व्यापारी होता, त्याला मी साल कळवलं, त्याने त्या सालचा हुक पाठवला. तो बसेना. केसभर जास्त होता. इथे कुठलाही कारागीर थांबतो – भाग बसत नाही, म्हणजे तो या बंदुकीचा नाही, नंबर पुन्हा बघा. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. वडिलांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण नंबर पुन्हा बघायचा म्हणजे चार माणसांत सांगितलेलं साल चुकलं असं स्वतःशी म्हणायचं. मी कानस घेतली. थोडं घासलं, बसवून बघितलं. आणखी थोडं घासलं. बसला. दहा वेळा रिकामी बंदूक चालवून पाहिली. दहाही वेळा घोडा धरला. अकराव्यांदा मी पाहिलं नाही.

अनंतराव बंदूक घेऊन गेले. जाताना त्यांनी हात जोडले. माझ्या हाताला देवाने गुण दिलाय, म्हणाले.

त्यानंतर दीडेक वर्षाने ते घडलं. सकाळची, नऊ-दहाची वेळ. नाचणीत माकडं उतरली होती. अनंतराव शेतावर जाऊन आले, दोन बार हवेत काढले, परत घरी आले. दोघा भावांची घरं समोरासमोर, मधे एकच खळं. धाकटा भाऊ शांताराम आपल्या पायरीवर बसून टोपलीचा काठ बांधत होता. अनंतरावांनी खळ्यात उभं राहून उरलेलं काडतूस काढायला घेतलं – नळी जमिनीकडे, रोजच्यासारखी. घोडा सुटला. छर्रे खळ्याच्या दगडावर आपटले आणि तिरके उडाले, ते शांतारामच्या उजव्या पायात गेले. घोटा राहिलाच नाही. जीपमधून पोलादपूर, तिथून महाड, तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

ही बातमी मला दुकानात कळली. कुणीतरी सहज सांगितली, जशी अपघाताची सांगतात. मी विचारलं, “कोण सकपाळ?” आणि विचारताना मला माहीत होतं, कोण.

चार दिवसांनी मला पोलीस ठाण्यात बोलावलं. बंदुकीचा जाणकार म्हणून. बंदूक उघडून बघा आणि काय ते लिहून द्या, एवढंच काम. टेबल दिलं, खिडकीजवळ. साहेब दुसऱ्या कामात होते. तिथे मला ओळखणारं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी खिशातून चष्मा काढून लावला.

तो आकडा तीन होता. अगदी स्वच्छ तीन.

मग मी बंदूक उघडली. आत माझा हुक होता. माझ्या कानशीच्या रेघा त्याच्यावर दिसत होत्या. घासल्यामुळे त्याची धार पातळ झाली होती आणि दीड वर्षात ती कोपऱ्यावर तुटली होती. बोट न लावता, नुसत्या हिसक्याने घोडा सुटेल अशी. मी हलक्या हाताने एकदा बंदूक टेबलावर आपटून बघितली. सुटला. टक्. साहेबांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली.

किती वेळ बसलो असेन? पाच मिनिटं? डोक्यात काय काय आलं ते सगळं मांडलं तर ते कारण दिल्यासारखं होईल. भीती वाटली, एवढं पुरे. दुकान जाईल याची भीती. लोक काय म्हणतील याची त्याहून जास्त. मी कागद ओढला आणि लिहिलं – सदर बंदूक तपासली, यंत्रणा सुस्थितीत, बंदुकीत दोष आढळला नाही. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. सही ठळक आली.

माझ्या कागदावर कुणी शंका घेतली नाही. का घेतील? हयगयीचा गुन्हा अनंतरावांवर दाखल झाला. परवाना रद्द झाला, बंदूक जमा झाली. मी घरी आलो, हात धुतले, जेवलो. त्या दिवशी कोलंबीचं कालवण होतं. दोनदा वाढून घेतलं, हेही मला आठवतं.

तुम्हाला वाटेल, एका कागदाने असं काय होणार? पाय तर आधीच गेला होता. मीही तसंच समजावत होतो स्वतःला. पण वरती कुडपणला तो कागद पोचला. शब्द पोचले. शांताराम इस्पितळात असताना सगळ्यांना सांगत होता, अपघात झाला, दादाचा काय दोष. परत आल्यावर त्याला कळलं – बंदूक चांगली होती, महाडच्या भाईंनी लिहून दिलंय. मग त्याच्या मनात आलं असणार. बंदूक चांगली. भाऊ फौजी, सतरा वर्षं हत्यार वापरलेला. मग बार झाला कसा?

आणि गावात विचार करायला मदत करणारी माणसं असतातच. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते, तिचा पहिला खांदा सकपाळांच्या घराचा. अनंतराव फौजेत, म्हणून तो मान शांतारामकडे आला होता. पालखी नाचवावी तर त्याने, असं लोक म्हणायचे. अनंतराव परतल्यावर त्यांनी मान मागितला होता – थोरला म्हणून. थोडी बोलाचाली झाली होती. तेवढीच. पण आता लोक म्हणू लागले, मान मिळाला नाय म्हणून पायच घालवला. आधी हसत म्हणाले. मग न हसता.

त्या दोन घरांच्या मधल्या खळ्यात पुढच्या पावसाळ्याआधी कुडाचं कुंपण पडलं.

हे मला कुणी सांगितलं? अनंतरावांनीच. ते एकदा दुकानात आले, वर्षभराने. खूप वाळले होते. शर्टाची वरची गुंडी उघडी होती. बाकावर बसले, चहा नको म्हणाले. दुकानात आम्ही दोघंच होतो.

“भाई, येक इचारू? रागावू नका,” ते म्हणाले. “त्या हुकात खरंच काय नव्हतं ना?”

ते माझ्यावर आरोप करत नव्हते. शपथेवर सांगतो, त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. बुडणारा माणूस ज्या आवाजात विचारतो, तसं विचारत होते – हाताला लागेल असं काही आहे का? मी एक शब्द बोललो असतो तर तो माणूस वाचला असता. कोर्टातून नव्हे, स्वतःपासून.

मी म्हणालो, “नाही हो अनंतराव. मी बघितली ना. चांगली होती.”

ते बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तर मग माजंच बोट. लागलं आसंल. मला वाटत हुतं, बाहेर हाय. पन लागलं आसंल.”

त्यानंतर ते मला दोन-तीनदा बाजारात भेटले. दर वेळी त्यांची गोष्ट थोडी बदललेली असायची. आधी “लागलं असेल” होतं. मग “लागलंच होतं” झालं. शेवटी तर ते म्हणाले, “मला आता आठवतंय भाई, बोट चापावर हुतं. घाईत हुतो मी.” कळतंय तुम्हाला, काय झालं ते? जे घडलंच नव्हतं ते त्यांना आठवायला लागलं. माझी एक ओळ त्यांच्या डोक्यात गेली आणि तिथे तिने घर केलं. मी मान हलवली. “होतं असं कधीकधी,” म्हणालो. त्यांच्या पाठीवर हात ठेवला – मी.

गेल्या वर्षी थंडीत अनंतराव गेले. झोपेतच, म्हणाले लोक. शांताराम अंत्ययात्रेला गेला नाही. सख्ख्या भावाने खांदा दिला नाही, याची चर्चा खाली कापडे गावापर्यंत झाली.

बाराव्याला मी वर गेलो. का गेलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पोलादपूरहून एसटी पकडली. घाट चढताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. अनंतरावांच्या ओटीवर त्यांचा फौजेतला फोटो ठेवला होता, हार घातलेला. माणसं जेवत होती. मी फोटोला हात जोडले आणि बाहेर आलो, तर कुंपणापलीकडून हाक आली.

“भाई! हिकडं या. बसा.”

शांताराम पायरीवर बसला होता. तीच पायरी. शेजारी कुबडी. त्याच्या बायकोने पाणी दिलं, काळा चहा दिला. ती आत जाईपर्यंत तो थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “तुमी जानकार मानूस. मी कुनाला इचारलं नाय आजवर. आता तो गेलाय, तर सांगा. त्यानं मुद्दाम गोळी घातली का वो?”

माझ्या तोंडात सगळं होतं. घाटात जुळवलेली सगळी वाक्यं. नंबर, चष्मा, हुक, कागद. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “नाही शांताराम. मुद्दाम नाही. चूक झाली ती.”

कुणाची, ते मी म्हणालो नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं. “खरं?”

“खरं.”

“मी त्येला खांदा नाय दिला, भाई,” तो म्हणाला. “खांदा नाय दिला मी.” मग त्याने कुबडी ओढली आणि उठला. बायको धरायला आली, तिला त्याने बाजूला सारलं. कुंपणात एका ठिकाणी जागा करून तो पलीकडे गेला. जेवणारी माणसं थांबली. एका पायावर, कुबडीवर, तो ओटी चढला. फोटोसमोर उभा राहिला. कुबडी पडली. कुणीतरी त्याला धरलं.

“दादा,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “चूक हुती ती तुजी. मी माफ केलं रं. माफ केलं तुला.”

बायका रडायला लागल्या. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. कुणीतरी मला म्हणालं, भाई, तुम्ही आलात म्हणून झालं हे, पुण्याचं काम झालं तुमच्या हातून. मी त्याच्यामागून कुंपणापलीकडे आलो होतो, चार पावलांवर उभा होतो. माझ्या हातात चहाचा पेला होता, चहा अजून कोमट होता. मी तो संपवला. पेला पायरीवर ठेवला. दुपारच्या गाडीने खाली आलो.

शांताराम अजून कुडपणला आहे. त्याने भावाला माफ केलं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मी महाडला आहे, दुकान सकाळी दहाला उघडतो. वर जायला दोन तास लागतात. एसटी रोज आहे.